कड्यावरचा महाल

ग्वाल्हेरला बदली होऊन आलेला मराठी माणूस पहिल्या दोन-तीन महिन्यांत किल्ला एकदा पाहून घेतो आणि त्यानंतर गावाकडून पाहुणे आले म्हणजेच पुन्हा वर जातो, असा आमच्याकडील परिपाठ आहे. पाहुण्यांचा क्रमही ठरलेला असतो. आधी जयाजीराव शिंद्यांनी १८७४ मध्ये पुरा केलेला जयविलास प्रासाद, तेथील दरबार-दालनातील दोन अजस्र झुंबरे आणि ती टांगण्यापूर्वी छताची मजबुती अजमावण्यासाठी वर हत्ती चढवल्याची कथा. मग राणी लक्ष्मीबाईंची समाधी. मग तानसेनाची कबर. आणि उन्हे उतरेपर्यंत कोणाच्या पायांत त्राण उरले तर किल्ला. माझ्या घरी येणाऱ्यांना हा क्रम मी उलटा करावयास लावतो. झुंबरे कोणत्याही वेळी पाहता येतात. परंतु मानमंदिराची पूर्वेची भिंत सकाळच्या पहिल्या उन्हातच पाहिली पाहिजे, आणि तीही मोटारीने मागच्या उरवाई घळीतून वर जाऊन नव्हे, तर पूर्वेच्या जुन्या पायवाटेने, खालून वर चढत.

ही वाट गुजरी महालापासून निघते. राजा मानसिंह तोमराने आपल्या गुर्जर राणीसाठी, म्हणजे लोककथेतील मृगनयनीसाठी, बांधलेला हा महाल किल्ल्याच्या पायथ्याशी आहे. राई गावच्या नदीचे पाणी महालापर्यंत आणून देण्याच्या अटीवर ती लग्नाला राजी झाली, असे सांगतात. कथा गोड आहे. पण मी ती पाहुण्यांना सांगून लवकर पुढे जातो. पुढे चढण लागते आणि एकामागून एक दरवाजे येतात. मधल्या टप्प्यावर एकाच खडकात कोरलेले चतुर्भुजाचे लहानसे देऊळ आहे. त्यातील इ. स. ८७६ च्या शिलालेखात देवाला दिलेल्या बागेची लांबी २७० हात आणि रोज द्यावयाच्या फुलांच्या माळा ५० अशी नोंद आहे, आणि त्या दोन्ही आकड्यांतील शून्य आजच्यासारखेच, वाटोळे, लिहिलेले आहे. आयुष्य रकाने भरण्यात घालवणाऱ्या माणसाला येथे हात जोडावेसे वाटले, तर ते देवाला जोडले की शून्याला, याची चौकशी कोणी करू नये.

देऊळ मागे पडले की डोक्यावर ती भिंत उभी राहते. आरंभी कडा कोठे संपला आणि भिंत कोठे सुरू झाली हेच कळत नाही, कारण दोन्हींचा दगड एकच, त्याच डोंगरातला पिवळसर वालुकाश्म. सुमारे तीनशे फूट लांब आणि ऐंशी ते शंभर फूट उंच अशी ही दर्शनी बाजू ऐन कड्याच्या काठावर उभारलेली आहे. मध्ये मध्ये भरदार गोल बुरूज पुढे येतात आणि प्रत्येक बुरुजाच्या माथ्यावर घुमटीची छत्री आहे. हे घुमट एके काळी सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यांनी मढवलेले होते. भिंतीवर निळ्या, हिरव्या, पिवळ्या चकाकीच्या लाद्यांचे पट्टे जडवलेले आहेत. त्यांत हंसांच्या ओळी आहेत, हत्ती आहेत, मकर आहेत आणि हिरव्यागार केळी आहेत. आज हे रंग दक्षिणेच्या बाजूवर अधिक टिकून आहेत. पूर्वेकडे ऊन-पावसाने पुष्कळ लाद्या गळून पडल्या. तथापि जे उरले आहे त्यावरून, ही भिंत नवी असताना खालच्या मैदानातून दोन-चार कोसांवरूनही कशी दिसत असेल, याची कल्पना करता येते.

माझ्या मनात पहिल्या भेटीपासून घर करून राहिलेली गोष्ट हीच आहे. जी भिंत शत्रूच्या वाटेवर उभी, जिच्यावर तोफांचे आणि बाणांचे प्रहार व्हावयाचे, तिच्यावर बदकांच्या ओळी काढाव्यात, हे कोणत्या राजाला सुचेल? तटाची भिंत आंधळी असावी, रांगडी असावी, शोभा आतल्या चौकात असावी, अशीच आपली समजूत असते. आपल्याकडचे वाडेसुद्धा रस्त्याला पाठ करून बसलेले असतात. मानसिंहाने उलट केले.

याचे उत्तर मला तोमरांच्या इतिहासात सापडते असे वाटते. हे घराणे काही सम्राटांचे नव्हे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस, दिल्लीची सत्ता डळमळली असताना, वीरसिंहदेवाने हा किल्ला हस्तगत केला आणि त्याच्या वंशाने तो सुमारे सव्वाशे वर्षे राखला. राखला म्हणजे काय, ते नकाशावर पाहावे. उत्तरेस दिल्ली, पूर्वेस जौनपूरचे शर्की सुलतान, दक्षिणेस माळव्याचे खिलजी. आणि मधोमध हा एक सुटा डोंगर, लांबीला कसाबसा तीन किलोमीटर. कोणी बलिष्ठ झाला की त्याला खंडणी पाठवावी, दोन बलिष्ठ एकमेकांशी झगडू लागले की थोडा श्वास घ्यावा, असे हे राज्य. या उसंतीच्या काळात या लोकांनी जे केले ते थक्क करणारे आहे. डुंगरसिंह आणि कीर्तिसिंह यांच्या कारकिर्दीत कड्यांच्या अंगावर प्रचंड जैन मूर्ती कोरल्या गेल्या. मानसिंहाच्या पदरी गवयांचा मेळा जमला, ध्रुपदाला राजाश्रय मिळाला आणि 'मानकुतूहल' नावाचा संगीतग्रंथ सिद्ध झाला. तो पुढे दीडशे वर्षांनी, १६६६ मध्ये, फकीरुल्लाने फारसीत उतरवला म्हणून त्यातील मजकूर आपल्यापर्यंत आला.

मानसिंह १४८६ मध्ये गादीवर आला. बहलोल लोदी, मग सिकंदर लोदी, असे दोन बलाढ्य सुलतान त्याच्या डोक्यावर होते. सिकंदराने सोळाव्या शतकाच्या आरंभी आपला मुक्काम दिल्लीहून आग्र्याला हलवला; या बाजूच्या मुलखाला जवळून जरब बसावी, हा त्यातील एक हेतू होता. आग्रा येथून अवघे तीस-पस्तीस कोस. असे संकट जवळ येत असताना या माणसाने आपल्या घराच्या संकटाकडील भिंतीवर हंस आणि केळी काढून घेतल्या. मला यात बेफिकिरी दिसत नाही. येणाऱ्याला तो जणू सांगत होता की हा केवळ किल्ला नव्हे, येथे कोणी राहते.

आत गेल्यावर मात्र पाहुण्यांची निराशा होते. एवढ्या भव्य मुखवट्यामागे दोन लहान चौक आणि त्यांच्याभोवती लहान लहान दालने, एवढेच काय ते. आपल्याकडील एखाद्या सुखवस्तू सरदाराच्या वाड्याचा चौक यापेक्षा मोठा असतो. पण या चौकांत घटकाभर बसावे. दगडाचे काम करणाऱ्या माणसांनी येथे सुताराशी पैज लावलेली दिसते. छज्जे पेलणारे हस्त, त्यांतले मोर आणि सिंहासारखे प्राणी, पातळ फळीसारखे तासलेले पाषाण, नर्तकींच्या आकृतींची जाळी, प्रत्येक दालनाचे निराळे छत. लाकडात जे जे करता येते ते सर्व दगडात करून दाखवले आहे. एक खांब दुसऱ्यासारखा नाही. जाळीमागे बसून राजस्त्रिया संगीत शिकत असत, असे वाटाडे सांगतात. ते खरे असो वा नसो, आवाज या चौकात फार सुरेख घुमतो, एवढे मी सांगू शकतो. कारण आमच्या एका आप्तांनी तेथे भूप आळवून पाहिला होता आणि पहारेकऱ्यानेही तो पुरा होऊ दिला.

या महालाचे पहिले सविस्तर वर्णन लिहून ठेवणारा मनुष्य त्याचा चाहता नव्हता. सप्टेंबर १५२८ मध्ये बाबर ग्वाल्हेरास आला. मानसिंहाला मरून तेव्हा जेमतेम बारा वर्षे झाली होती. बाबराने मानसिंहाचा आणि त्याचा पुत्र विक्रमादित्य याचा, असे दोन्ही महाल हिंडून पाहिले आणि आपल्या रोजनिशीत त्यांची नोंद केली. इमारती नवलाच्या आहेत, सबंध घडीव दगडाच्या आहेत, पण बेडौल आहेत, त्यांत प्रमाणबद्धता नाही, असा त्याचा अभिप्राय. खोल्यांत हवा नाही, खालचे मजले इतके अंधारे की दिवे घेऊन जावे लागले, असेही तो म्हणतो. समरकंद आणि काबूलच्या बागांत वावरलेल्या, सरळ पाट आणि समोरासमोर ताटवे यांतच ज्याचा जीव रमे अशा गृहस्थाला हे घर आवडणे कठीणच होते. याच भेटीत उरवाई घळीतील तोमरकालीन जैन मूर्ती विद्रूप करण्याचा हुकूम आपण दिला, हेही त्याने तितक्याच शांतपणे नमूद केले आहे.

पण पाहा, घुमटांवरचे सोनेरी पत्रे आज कोठे आहेत? ते केव्हाच गेले. ते होते हे आपल्याला ठाऊक आहे, ते बाबराने लिहून ठेवले म्हणून. भिंत पांढऱ्या गिलाव्याची होती, लाद्यांत हिरव्या केळी होत्या, हाथी पोळेपाशी माहुतासह दगडी हत्ती उभा होता, किती मजले होते, कोणते उजेडाचे आणि कोणते अंधारे, हे सर्व त्याने नोंदले. न आवडलेल्या घराचा एवढा चोख पंचनामा करणारा हा पुरुष मला, माझ्या धंद्यामुळे असेल, मोठा विश्वासू वाटतो. आणि कौतुक असे की ज्या कारागिरीला त्याने बेडौल म्हटले, तिचीच छाप त्याच्या नातवाने आग्र्याच्या किल्ल्यात बांधवलेल्या जहांगिरी महालातील छज्जांवर आणि हस्तांवर स्पष्ट दिसते. आग्र्याला जाऊन आलो तेव्हा तेथील चौकात उभा राहून मला क्षणभर ग्वाल्हेरीच असल्याचा भास झाला.

बेडौलपणाबद्दल माझे मत बाबराहून निराळे आहे. कड्याची कडा जशी वळली तसा हा महाल वळला. सरळ रेषा हवी असती तर डोंगर तासावा लागला असता किंवा काठ सोडून मागे सरावे लागले असते. आणि काठ सोडला असता तर ती भिंत आपण आज ज्या ठिकाणी पाहतो तेथे नसती.

आता या घराच्या धन्यांचे काय झाले ते सांगतो. मानसिंह इ. स. १५१६ च्या सुमारास वारला. इब्राहीम लोदीच्या सरदाराने, आझम हुमायूनने, मोठ्या फौजेनिशी किल्ल्याला वेढा घातला होता. तो वर्षानुवर्षे चालला आणि अखेर विक्रमादित्याला किल्ला खाली करून द्यावा लागला. बदल्यात त्याला शमसाबादची जहागीर मिळाली. इतिहासकार या ओळीवरून पुढे जातात. मी मात्र येथे नेहमी अडखळतो. बापाने हौसेने बांधलेले घर सोडून, ज्याने ते घेतले त्याच्याच चाकरीत, परमुलखातील नेमणुकीवर रुजू होणारा हा राजा आपल्यापैकी कोणाला परका वाटेल? एप्रिल १५२६ मध्ये पानिपतावर तो इब्राहीम लोदीच्या बाजूने लढता लढता पडला. त्याचे कुटुंब तेव्हा आग्र्यास होते. हुमायून तेथे पोहोचला तेव्हा त्या लोकांनी त्याला जडजवाहीर नजर केले आणि त्यात एक प्रसिद्ध हिरा होता. बाबराने त्याचे वजन सुमारे आठ मिस्काल नोंदवले आहे. हाच कोहिनूर, असे अनेकांचे मत आहे. पोराने तो बापापुढे ठेवला आणि बापाने तो पोराला परत दिला, असे रोजनिशी सांगते. त्या बायकामुलांचे पुढे काय झाले याबद्दल मात्र तीत चकार शब्द नाही.

महालाचे पुढचे दिवस थोडक्यात सांगितले तरी चालतील. पूर्वेच्या बाजूस कड्याच्या पोटात जी दोन मजली तळघरे आहेत, ती मानसिंहाने उन्हाळ्यातील गारव्यासाठी बांधली होती. ग्वाल्हेरचा मे महिना ज्याने काढला आहे त्याला त्यांची किंमत सांगावयास नको. वरून झिरपणारा मंद उजेड, भिंतींतून खेळवलेले वाऱ्याचे मार्ग, एका वाटोळ्या दालनात छताला लावलेल्या कड्या. वाटाडे प्रथम म्हणतात की येथे झोपाळे होते, आणि लगेच, आवाज बदलून, म्हणतात की येथे कैदी होते. मोगलांनी या किल्ल्याचा राजबंद्यांसाठी उपयोग केला हे तर जगजाहीरच आहे. शीखांचे सहावे गुरू हरगोबिंद जहांगिराच्या आज्ञेने येथे होते. औरंगजेबाचा भाऊ मुराद याला डिसेंबर १६६१ मध्ये येथेच देहान्त झाला. दाराचा मुलगा सुलेमान शुकोह याला अफूच्या बोंडांचा काढा पाजून येथेच संपवले. अठराव्या शतकाच्या मध्यावर विठ्ठल शिवदेव विंचूरकरांनी किल्ला मराठ्यांकडे आणला, १७८० मध्ये इंग्रजांनी तो रात्रीच्या अंधारात शिड्या लावून घेतला, १७८३ मध्ये महादजींनी तो पुन्हा जिंकला. आपल्या लोकांनी किल्ला राखला. पण मानमंदिरात संसार थाटला नाही. शिंद्यांची वस्ती खाली, लष्करात झाली. तोमरांनंतर या घरात घर म्हणून कोणी राहिलेच नाही, असे म्हटले तरी फारसे वावगे होणार नाही.

राहिले कोणी नाही. परंतु मोजणारे मात्र येत गेले. फर्ग्युसन आला आणि प्राचीन हिंदू राजवाड्यांचा हा सर्वांत लक्षणीय नमुना होय, असे लिहून गेला. कनिंगहॅमने एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात पाहणी करून लांबी-उंचीचे आकडे दिले. आणि १९१३ मध्ये ग्वाल्हेर संस्थानाने पुरातत्त्व खाते काढले तेव्हा त्याच्या प्रमुखपदी एक मराठी गृहस्थ आले, मोरेश्वर बळवंत गर्दे. संस्थानातील विखुरलेल्या मूर्ती आणि शिलालेख जमवून गुजरी महालात जे संग्रहालय उभे राहिले, ते प्रामुख्याने त्यांच्या श्रमाचे फळ. ग्यारसपूरची ती शालभंजिका पाहावयास लोक दुरून येतात. तिच्यासमोर उभे राहताना मला गर्द्यांची आठवण होते. परमुलखात चाकरीसाठी येऊन तेथील दगडांची एवढी चोख दप्तरनोंद ठेवणारा माणूस आमच्या जातकुळीचा आहे, असे मानण्याचा मोह मला आवरत नाही.

मागील वर्षी दादांचे पत्र आले. कृष्णाकाठचा आमचा वाडा आता पाच वाटेकऱ्यांत आहे, राहते कोणीच नाही, पावसाळ्यात मागची भिंत बसली, आणि एक बांधकाम करणारे गृहस्थ चांगली किंमत देत आहेत; तुझी सही हवी. दादांचे म्हणणे सर्वस्वी योग्य होते. त्या वाड्याची डागडुजी करण्याइतका पैसा आम्हा पाचांपैकी कोणाजवळही नाही, आणि माझ्या निवृत्तीला अजून पंचवीस वर्षे आहेत. सही करण्याचे मी मान्य केले. फक्त दिवाळीपर्यंत थांबावे, अशी विनंती केली. दिवाळीच्या रजेत चार दिवस मी आणि माझी नऊ वर्षांची मुलगी टेप घेऊन वाडा मोजत होतो. दिंडी दरवाजा, ओटी, सोपा, माजघर, देवघर, बळद, माडीवर जाणारा भिंतीतला जिना, त्या जिन्याच्या पायऱ्यांची उंची, प्रत्येक कोनाडा. दुसरे टोक ती धरी आणि आकडा हिंदीत ओरडून सांगे. तिचा जन्म ग्वाल्हेरचा. चौकाचे माप घेतले तेव्हा समोरासमोरच्या बाजू जुळेनात. पुन्हा मोजले, पुन्हा तोच फरक, सव्वा हाताचा. मग बाहेर येऊन पाहिले तर लक्षात आले की गल्ली त्या ठिकाणी किंचित वळते आणि वाडा तिच्याबरोबर वळला आहे. बाबर तेथे आला असता तर त्याने आमच्या आजोबांच्या आजोबांनाही बेडौल ठरवले असते.

नकाशा मी चौकटीच्या कागदावर काढला. त्याच्या पाच प्रती केल्या आणि पाचही वाटेकऱ्यांना दिल्या. धाकट्या काकू म्हणाल्या, "ह्याचं आम्ही काय करायचं?" मी म्हणालो, "काही नाही, कपाटात ठेवा." दादांनी आपली प्रत बराच वेळ पाहिली आणि आडाजवळ एक दगडी डोणी होती, ती राहिली म्हणून सांगितले. मी तेथेच पेन्सिलीने ती डोणी काढली. लांबी दादांनी हातांनी दाखवली. चैत्रात वाडा पडला.

त्या सुमारास मी तोमरांच्या वंशातील रामशाहाविषयी वाचत होतो. विक्रमादित्यानंतर ग्वाल्हेर परत मिळवण्यासाठी हा मनुष्य मोगल सैन्याशी झुंजला, हरला, मेवाडात गेला आणि राण्याच्या आश्रयाने राहिला. किल्ला हातातून गेला त्याला अर्धे शतक उलटले होते, तरी तो ग्वाल्हेरचाच म्हणून ओळखला जाई. १८ जून १५७६ रोजी हळदीघाटीच्या लढाईत तो राणा प्रतापाच्या बाजूने लढला आणि आपल्या तीन मुलांसह तेथेच पडला. लढाई जेथे झाली त्या खमनोर गावाजवळ ग्वाल्हेरच्या या तोमरांच्या दगडी छत्र्या आहेत. कड्यावरच्या त्या महालाच्या वारसांची एवढीच वास्तू परमुलखात उरली. मार्चअखेरचे हिशेब आटोपले की आठ दिवसांची रजा काढून तिकडे जाण्याचा बेत आहे. मुलीने टेप आताच पिशवीत टाकून ठेवला आहे.